उजव्या खांद्यावरचा पदर

१

“मॅडम, लगोलग या. आमच्या बाईला कुणीतरी कुंकू लावलंय!”

रविवारी सकाळी, क्लासमध्ये सराव परीक्षा चालू असताना, फोनवर हे वाक्य ऐकून पूर्णिमा शिंत्रेंनी आधी नंबर कुणाचा आहे ते पाहिलं. नंबर भाऊसो चौगुल्यांचा होता. म्हणजे चेष्टा नव्हती. भाऊसोंना चेष्टा करता येत नसे आणि दुसऱ्यानं केलेली कळतही नसे.

“कुणाच्या बाईला?”

“मंडळाच्या हो! चित्रातल्या! साडेतीनशे वर्षांचं चित्र, मॅडम. वाटोळं झालं!”

पूर्णिमाबाई एके काळी पोलीस खात्यात फौजदार होत्या. वरिष्ठांशी पटेना म्हणून मुदतीआधीच बाहेर पडल्या आणि आता राजारामपुरीत होऊ घातलेल्या फौजदारांचे क्लास घेत होत्या. समोर पोरं माना खाली घालून पेपर लिहीत होती. ‘घटनास्थळी पोचल्यावर प्रथम काय कराल?’ या प्रश्नाला निम्म्या जणांनी ‘साहेबांना फोन करू’ असं उत्तर लिहिलं होतं. यांच्यापेक्षा चित्रातली बाई परवडली, असं म्हणत त्यांनी पर्स उचलली.

करवीर चित्रसंग्रह मंडळाचा हॉल दोन गल्ल्या सोडून, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. सोमवारी तिथं प्रदर्शन उघडायचं होतं: ‘परदेशी प्रवाशांनी टिपलेला दख्खनी बायकांचा पेहराव’. जुन्या काळी युरोपातले प्रवासी इकडं हिंडून गेले, परत जाऊन त्यांनी पुस्तकं काढली, आणि त्या पुस्तकांसाठी तिकडच्या कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापली. तसली बरीच चित्रं मंडळाकडं होती. त्यात मानाचं चित्र एकच, ‘दख्खनची स्त्री’. काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे, पायात जाड वाळे, कपाळ मोकळं. मागं झाडाखाली एक माणूस पुढ्यात पान घेऊन जेवतोय, घास तोंडाशी नेलेला.

आता त्या मोकळ्या कपाळावर शेंगदाण्याएवढं लालभडक कुंकू होतं.

चित्रापुढं मंडळाचे सगळे सभासद गर्दी करून उभे होते आणि प्रत्येकाचं मत तयार होतं. एक म्हणाला, हा संस्कृतीचा अपमान. दुसरा म्हणाला, अपमान कसला, मानच दिलाय. तिसऱ्याला ती बाई विधवा होती की नव्हती हे आधी ठरवून हवं होतं. दोघंजण मोबाइलवर त्या कुंकवाचे फोटो काढत होते, कपाळ मोठं करकरून.

“हात लावायचा न्हाय कुणी!” भाऊसो ओरडले. ते मंडळाचे अध्यक्ष. “पुरावा हाय त्यो!”

पूर्णिमाबाईंनी त्यांच्याकडं दुर्लक्ष करून काचेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. कुंकू काचेवर नव्हतंच. ते काचेच्या आत, कागदावर होतं.

“शंका कसली घ्यायची यात?” मागून शांत आवाज आला. सचिव निशिगंधा सरनाईक. सोळा वर्षं मंडळाचं सगळं याच बघत आलेल्या. “चौकट अक्षतानं बसवली. ती उघडायची कशी हे तिलाच माहीत. शुक्रवारी माझ्याशी भांडून गेली. दोन वाजता बैठक घेतोय. तिला कामावरून काढायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची.”

अक्षता कांबळे मंडळाची चित्रपाल होती, म्हणजे चित्रांची देखभाल आणि मांडणी बघणारी, अजून हंगामी. उद्याच्या प्रदर्शनानंतर तिला कायम करायचं ठरलं होतं. जुन्या चित्राची नासधूस केल्याची तक्रार एकदा नावाला चिकटली, की देशातलं कुठलंही संग्रहालय तिला दारात उभं करणार नव्हतं.

“त्यांच्यात हळदीकुंकू नसतंय,” गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. “मुद्दाम चेष्टा केली असणार.”

“कोण बोललं ते?” पूर्णिमाबाई वळल्या. “पुढं या. नाव सांगा, तुमची साक्षच लिहून घेते.”

पुढं कुणी आलं नाही. एक गृहस्थ मात्र एकदम डोक्यावरचा पंखा निरखायला लागले.

२

अक्षता खाली, दवाखान्यातल्या पेशंटच्या बाकावर बसली होती. तिला वर येऊ देत नव्हते.

“निशिगंधा मॅडम म्हणाल्या, मी पुरावा नष्ट करीन. माझ्याच हॉलमध्ये मला बंदी!”

“चित्र बघितलंस?”

“व्हॉट्सॲपवर फोटो आलाय.” तिनं मोबाइल पुढं केला. पडदाभर नुसतं कपाळ आणि त्यावर कुंकू. “बाकी काही कुणी दाखवलंच नाही.”

“शुक्रवारी भांडण कशावरून?”

“त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू हॉलमध्येच ठेवलं. मी म्हटलं, चित्रं भिंतीवर लागलीत, इथं हळद, कुंकू, मसाला दूध काही नको. त्या म्हणाल्या, आम्ही ही चित्रं सांभाळली तेव्हा तू शाळेत होतीस. मग मी घरी गेले. शनिवारी दिवसभर पन्हाळ्याला होते, तिथल्या एका घरातून दोन चित्रं आणायची होती. आज सकाळी आले तर हे.”

“चौकट उघडायला काय लागतं?”

“काही नाही. मागच्या चार क्लिपा फिरवायच्या. शाळेतलं पोर उघडेल. पण वर कुणी विचारलंच नाही मला!”

एवढी माणसं जमली, ओरडली, बैठक ठरवून बसली आणि चौकट कशी उघडते हे कुणी विचारलं नाही. पूर्णिमाबाईंच्या कपाळावर आठी चढली ती दिवसभर उतरली नाही.

“तुझ्यावर राग कुणाचा आहे?”

“उदयसिंह सरांचा.” अक्षता हसली, पण ते हसू कडवट होतं. “त्या चित्रात बाईचा पदर उजव्या खांद्यावर आहे. सरांनी त्यावरून अख्खं पुस्तक लिहिलं, की त्या काळी आपल्याकडच्या बायका पदर उजव्या खांद्यावर घ्यायच्या. पण मॅडम, त्या चित्रातली झाडून सगळी माणसं डावखुरी आहेत! मागचा माणूस डाव्या हातानं जेवतोय. आपल्याकडं जेवेल का कुणी डाव्या हातानं?”

“मग?”

“कारागिरानं हातातलं रेखाटन तांब्यावर जसंच्या तसं कोरलं, की छापताना कागदावर उलटं उठतं. आरशात दिसतं तसं. म्हणजे त्या बाईचा पदर खरा डाव्याच खांद्यावर होता. मी उद्याच्या पाटीवर तेच लिहिलंय. पाटी वाचून सर मला म्हणाले, बघतो तू कायम कशी होतेस ते.”

३

प्राध्यापक उदयसिंह निंबाळकर मंडळाच्या ऑफिसात बसून कुठल्याशा वार्ताहराला फोनवर मुलाखत देत होते. वारसा, अस्मिता, काळजाला घरं पडली, असं बरंच चाललं होतं. पूर्णिमाबाईंनी खुर्ची ओढली, तरी ते थांबेनात. शेवटी बाईंनीच त्यांच्या हातातून फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

“तुम्ही अक्षताला धमकी दिलीत?”

“धमकी नव्हे, समज दिली. पदर उजव्याच खांद्यावर होता! दोनशे पानं लिहिलीत मी त्यावर. आता ही कालची पोरगी आम्हाला आरसा दाखवणार?”

“म्हणून चित्रच नासवून टाकलंत? नाव तिच्यावर जाईल, पाटीही जाईल.”

“बाई!” उदयसिंह ताडकन उभे राहिले. “ते चित्र माझ्या पुस्तकाचा कणा आहे! त्याला मी हात लावीन? सकाळपासून त्याच्यासमोर उभा आहे मी. घशाखाली चहासुद्धा उतरला नाही.”

टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते. पूर्णिमाबाईंनी ते सोडून दिलं.

“समोर उभे होतात ना? मग सांगा, पदर कुठल्या खांद्यावर आहे?”

“उजव्या! किती वेळा सांगायचं?”

पूर्णिमाबाई उठल्या, हॉलमध्ये आल्या, कुंकवाचे फोटो काढणाऱ्या दोघांना दंडाला धरून बाजूला केलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच कपाळाखाली नजर नेली.

त्यांनी आपला डावा हात वर केला, उजवा वर केला, पुन्हा चित्राकडं बघितलं. शंकाच नको. चित्रातल्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर होता. मागचा तो माणूस उजव्या हातानं, रीतसर जेवत होता.

अक्षता आणि उदयसिंह या दोघांचं जगात एकाच गोष्टीवर एकमत होतं, की या चित्रात पदर उजवीकडं दिसतो. आणि नेमका तो तिथं नव्हता.

४

ते चित्रच नव्हतं. कुंकू कुणी लावलं, हा प्रश्नच आता उरत नव्हता. हा भलताच कागद चौकटीत कुणी घातला, आणि खरं चित्र कुठं आहे?

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाऊसोंनी दवाखान्यातल्या पेशंटनाही वर बोलावून घेतलं असतं. त्या निशिगंधाबाईंकडं गेल्या.

“शुक्रवारी हळदीकुंकवाला कोण कोण होतं?”

“आमच्या सभासद बायका. सगळ्या घरच्याच. साडेसहाला सगळं आवरलं.”

“हॉलची किल्ली?”

“माझ्याकडं. आणि शिपाई पिराजीकडं, सकाळी झाडायला.”

“वाण काय दिलंत?”

निशिगंधाबाई हातातल्या फायली सारख्या करायला लागल्या. “आपलं नेहमीचंच. घरगुती काहीतरी.”

“घरगुती कशाचं?” शेजारी तानाबाई उभ्या होत्या. मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद, आणि आवाज असा, की रस्त्यावरची रिक्षा थांबावी. “चित्र दिलंसा की! नळीत गुंडाळून! त्या नळीवर साडीच्या दुकानाचं नाव! आणि मला तेवढं कमी पडलं म्हणं. चाळीस वर्षं वर्गणी भरायलोय, आणि वाण वाटताना मीच शेवटाला!”

“कसलं चित्र?”

“मला काय ठावं? उघडून कोण बघतंय?”

पूर्णिमाबाईंनी हॉलमधल्या एकेका बाईला गाठून तेच विचारलं. एकीनं नळी लॉफ्टवर टाकली होती. एकीनं पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या कुणालातरी द्यायची म्हणून कपाटात ठेवली होती. एकीचा नातू नळीनं क्रिकेट खेळत होता, चित्र आत तसंच. चौथी म्हणाली, “वाण उघडून बघायचं असतंय व्हय? ते पुढं सरकवायचं असतंय, मॅडम.”

उभ्या कोल्हापुरात ही चित्रं वाटली गेली होती आणि एका बाईनं ती बघितली नव्हती. पूर्णिमाबाईंना गुन्हेगारांचाही इतका राग कधी आला नव्हता.

“मग तुम्ही तशाच मोकळ्या हातानं गेलात?” त्यांनी तानाबाईंना विचारलं.

“मी? मी सोडतोय व्हय! माझा गोंधळ ऐकून पिराजीनं कपाटातली एक काढून दिली. निशिगंधा खाली रिक्षा बघायला गेलती तवा.”

“कुठं आहे ती?”

“दिली की. काल बहिणीकडं गेलतो, मलकापूरला. मोकळ्या हातानं कुठं जायाचं?”

५

साडीच्या दुकानात फोन केल्यावर कळलं, की वाणाची चित्रं छापून दिली ती फ्लेक्सवाल्या प्रसेनजीतनं. दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. आत कुणाच्यातरी वाढदिवसाचा फलक छापून निघत होता, गॉगल लावलेले शंभर चेहरे ओळीनं बाहेर येत होते.

“व्हय, मीच केलंय,” प्रसेनजीत म्हणाला. “दुकानदारानं जुन्या पुस्तकातला फोटो पाठवला. म्हणाला, झकास करून दे.” त्यानं कॉम्प्युटरवर चित्र उघडलं.

तीच बाई. पदर डावीकडं, कपाळावर लाल कुंकू, खाली ठळक अक्षरांत साडीच्या दुकानाचं नाव.

“हे कुंकू कुठून आलं?”

“मीच घातलं की.”

“का?”

“आता का म्हणजे?” त्याला प्रश्नच कळेना. “हळदीकुंकवाचं वाण, मॅडम. कपाळ मोकळं ठेवलं तर बायका दुकानदाराला फाडून खातील, दुकानदार मला. मला काय पडलंय? गिऱ्हाईक ओरडतंय.”

“आणि पदर?”

“पदर उलटा हुता. बहुतेक फोटोच उलटा आलता. सुलटा केला.” त्यानं बटण दाबलं. चित्र आरशातल्यासारखं फिरलं आणि बाईचा पदर उजव्या खांद्यावर गेला, मागचा माणूस डावखुरा झाला. पुन्हा दाबलं, सगळं जागच्या जागी.

“किती दिलीस?”

“सरनाईक मॅडमनी सांगितली तेवढी, दोनदा मोजून दिली. उगंच वांदा नको. सपाट गठ्ठा दिलता, नळ्या वेगळ्या. गुंडाळायचं त्यांनी त्यांचं.”

मोजून दिली होती. तरी तानाबाईंना एक कमी पडलं होतं.

पूर्णिमाबाईंनी घड्याळ बघितलं. बैठक सुरू व्हायला आली होती. तिथं ठराव आधी लिहून ठेवला असणार आणि चर्चा मागाहून होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

६

ठराव खरंच लिहून तयार होता. भाऊसो सहीसाठी पेन शोधत होते. पूर्णिमाबाई अक्षताला दंडाला धरूनच आत आल्या.

“हिला कशाला आणलंसा?” भाऊसो चिडले. “पुरावा...”

“पुराव्याचं मी बघते.” त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली, टेबलावर पालथी घातली आणि चार क्लिपा फिरवल्या. तेवढ्यात भाऊसोंनी तीनदा ‘आवो आवो’ केलं. “अक्षता, बघ.”

अक्षतानं कागद उलटला आणि तिचा चेहरा एकदम बदलला. “हे आपलं नाहीच! तांब्याचा पत्रा दाबून छापलं की कागदावर चारी बाजूंनी खोलगट चौकट उठते. इथं काही नाही. पदर... मॅडम, पदर डावीकडं आहे!”

“काय?” उदयसिंह पुढं झेपावले.

“दोनशे पानं लिहिलीत, सर. सकाळपासून समोर उभे होतात. दिसलं नाही?” पूर्णिमाबाईंनी कागदाची खालची कड सगळ्यांपुढं धरली. चौकटीच्या पुठ्ठ्याखाली दडलेली ती कड कात्रीनं कापलेली होती, पण घाईत अर्धीच ओळ कापली गेली होती. उरलेली वाचता येत होती: ‘साडी सेंटर, राजारामपुरी’. “साडेतीनशे वर्षांपूर्वी राजारामपुरीत साडी सेंटर होतं, हे पुढच्या पुस्तकात घालायला हरकत नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

“हे शुक्रवारचं वाण आहे. बायकांनी उघडलं असतं तर सकाळीच कळलं असतं. कुंकू फ्लेक्सवाल्यानं घातलंय, पदर त्यानंच फिरवलाय. आता चौकटीत हे कुणी घातलं? सरांनी नाही. त्यांचं पुस्तक उजव्या पदरावर उभं आहे. डाव्या पदराचा कागद हातात धरल्यावर त्यांना भोवळ आली असती. अक्षतानं नाही. तिला या बाईची रेघ न् रेघ पाठ आहे; तिनं नक्कल केली असती तर कुंकवाची केली नसती. साडीवाल्यानं नाही, आपल्या दुकानाचं नाव कोण कापेल? हे अशा माणसानं केलंय, ज्याच्या हातात वाणाचा सपाट गठ्ठा होता. ज्याच्याकडं किल्ली होती. आणि ज्याच्या डोळ्याला कुंकू लावलेली, डाव्या खांद्यावर पदर घेतलेली बाई इतकी सवयीची, की त्यात काही चुकलंय हे दिसलंच नाही.”

सगळे निशिगंधाबाईंकडं बघायला लागले. त्यांनी टेबलाची कड धरली.

“शुक्रवारी बायका यायच्या आधी मला एक फोटो हवा होता,” त्या म्हणाल्या. “त्या बाईबरोबर. सोळा वर्षं सांभाळलंय मी तिला. काचेत ट्यूबलाइट दिसत होती, म्हणून चौकट काढून काच बाजूला केली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात दुधाचा पेला होता. तो कलंडला.”

भाऊसोंनी ठरावाचा कागद हळूच पालथा ठेवला.

“टिपून घेतलं, पण डाग राहिला. मी घाबरले. वाणातलं एक कापून बसवलं, मूळ चित्र नळीत घालून कपाटात ठेवलं. म्हटलं, पुण्याला नेऊन गुपचूप साफ करून आणू. आणि खरं सांगते, कुंकू मला दिसलं नाही. म्हणजे दिसलं असेल, पण खटकलं नाही.”

“आणि सकाळी सगळ्यांनी अक्षताचं नाव घेतलं तेव्हा?” पूर्णिमाबाईंचा आवाज चढला. “सगळ्यांनी कसलं? पहिलं नाव तुम्हीच घेतलंत! दुधाचा डाग निघतो, बाई. हिच्या नावावर पडला असता तो निघाला असता का?”

निशिगंधाबाईंनी अक्षताकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं. अक्षताच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण तिचं पहिलं वाक्य निघालं ते असं: “कपाट उघडा आधी. ओलं गुंडाळून ठेवलं तर बुरशी येईल.”

कपाट उघडलं. आत एकही नळी नव्हती.

सगळ्या माना पिराजीकडं वळल्या. पिराजीनं तानाबाईंकडं बोट केलं. तानाबाई आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या, “मलकापूरला गेली की ती.”

७

भाऊसोंच्या गाडीतून मलकापूर गाठेपर्यंत पूर्णिमाबाईंच्या अंगावर रत्नागिरी रस्त्याची सगळी धूळ बसली. वाटेत तानाबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की त्यांचं काही चुकलेलं नाही. चिमणाबाई त्यांची धाकटी बहीण. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली.

“तिनंबी ते कुणालातरी देऊन टाकलं असणार बघा,” तानाबाई म्हणाल्या. अक्षतानं डोळे मिटून घेतले.

चिमणाबाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. एवढी माणसं बघून उठल्या. “या पावणं. आक्का, तू परत? कालच गेलतीस की.”

“कालचं वाण कुठं हाय?” तानाबाईंनी चप्पलही काढली नाही.

“हाय की आत.”

आत शोकेसच्या काचेमागं, नातवाच्या कपबशीशेजारी, ती बाई उभी होती. पदर उजव्या खांद्यावर, कपाळ मोकळं, लुगड्याच्या ओच्यापाशी चहाच्या रंगाचा एक डाग. अक्षतानं कागद दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढला, उजेडात धरला, चारी बाजूंनी दाबाची खोलगट चौकट बघितली. मग ती तशीच खाली बसली.

“सुरळी झालती,” चिमणाबाई म्हणाल्या. “रातभर गादीखाली घालून सरळ केली. काय चुकलं काय?”

“नाही मावशी. अगदी बरोबर केलंत.”

पूर्णिमाबाईंना एकच गोष्ट कळत नव्हती. “एवढ्या बायकांना वाण मिळालं, एकीनंही बघितलं नाही. तुम्ही उघडून बघितलंत?”

“मग? वाण आल्यावर बघायचं न्हाय?” चिमणाबाईंनी पदराला हात पुसले. “मालक गेल्यापास्नं कुणी वाण दिलंच न्हाय. गावात हळदीकुंकू असलं की मी आपला घरात बसून ऱ्हातो. काल आक्कानं दिलं. रातभर बघत हुतो. म्हटलं, हीबी माझ्यागत मोकळ्या कपाळाची, तरी कशी कमरेवर हात ठेवून उभी हाय बघ.”

तानाबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आपण मोकळ्या हातानं येऊ नये म्हणून ती नळी आणली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. इतर कुणीही नाही.

“मावशी, ह्ये मंडळाचं हाय,” भाऊसो चाचरत म्हणाले. “चुकून आलंय तुमच्याकडं. न्यावं लागंल.”

“न्या की. तुमचं हाय तर तुमचं.” चिमणाबाई पुन्हा दारात जाऊन बसल्या, शेंगांचं सूप पुढं ओढलं. “पर वाण माघारी घेत्यात व्हय?”

भाऊसोंनी घाईघाईनं चौकटीतून निघालेला तो दुसरा कागद पुढं केला. “ह्ये घ्या की! तसंच हाय. उलट ह्याच्यात कुंकूबी हाय!”

चिमणाबाईंनी बघितलं आणि मान हलवली. “ही नगं. हिच्या कपाळाला कुणीतरी हात लावलाय.”

अक्षता चिमणाबाईंच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. “मावशी, वाण परत घेत नाहीत. हे तुमचंच. आम्हाला प्रदर्शनापुरतं उसनं द्याल?”

सोमवारी प्रदर्शन उघडलं. ‘दख्खनची स्त्री’ भिंतीवर होती, दुधाच्या डागासकट. डाग काढायला वेळ लागणार होता आणि लपवायचा नाही असं अक्षतानं ठरवलं होतं. ती आता कायम झाली होती. भाऊसोंनी जुना ठराव फाडून नवा लिहिला होता आणि पेन या वेळी लगेच सापडलं होतं. निशिगंधाबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. उदयसिंह आले नव्हते.

चित्राखाली पाटी होती. पदर उलटा का दिसतो हे आधी, आणि खाली एक ओळ: ‘श्रीमती चिमणाबाई, मलकापूर, यांच्याकडून उसनं.’

“असं कसं लिवलंय?” भाऊसो पूर्णिमाबाईंच्या कानाशी लागले. “मालकी मंडळाची हाय!”

“घाला मग खटला,” पूर्णिमाबाई म्हणाल्या. “वाण परत मागितलं म्हणून. साक्षीला मी येते.”

चिमणाबाईंना वाचता येत नव्हतं. अक्षतानं त्यांना पाटी वाचून दाखवली. आपलं नाव आल्यावर त्यांनी पदर सारखा केला, मग चित्राकडं बोट केलं.

“आणि हिचं नाव?”

“ते कुणी लिहून ठेवलं नाही, मावशी. तो प्रवासी आला, तिला बघितलं, चित्र काढून घेऊन गेला.”

चिमणाबाई काचेच्या जवळ गेल्या आणि त्या बाईकडं पुन्हा नीट बघितलं.

“हिला कुठं बघितलं?” त्या म्हणाल्या. “लुगडं तेवढं बघितलं म्हणायचं मेल्यानं.”